टेकडीच्या पोटातला बुरूज

भूमध्य समुद्रातल्या सार्डिनिया बेटावर बारुमिनी नावाचं गाव आहे. गावाबाहेर एक मातीचं टेकाड होतं. याच गावात जन्मलेले पुरातत्त्वज्ञ जोव्हान्नी लिल्लिऊ यांनी १९५०च्या दशकात ते खणलं आणि आत निघाला साडेतीन हजार वर्षांचा बुरूज, 'सू नुराक्सी'.

अशा बुरुजांना तिथे नुरागे म्हणतात. बेटावर ते सुमारे सात हजार आहेत, म्हणजे दर तीन-चार चौरस किलोमीटरला एक! इतके किल्ले कोणाला लागतात?

आधी बांधणी पाहू. दगड बसाल्ट, आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण. चुना नाही, माती नाही. दगडांचं एक कडं रचायचं, त्यावरचं कडं किंचित आत सरकवायचं. दगड आत ढासळू पाहतात, पण कडं गोल असल्यामुळे शेजारी एकमेकांना अडवून धरतात आणि मागचा भार त्यांची शेपटी दाबून ठेवतो. वर जाता जाता कडं लहान होतं आणि घुमट मिटतो. असे तीन मजले चढवून सू नुराक्सीचा मधला बुरूज अठरा मीटरच्या वर गेला होता. आज चौदा उरलाय.

नंतर त्याच्याभोवती चार बाजूंना चार बुरूज आले, मधल्या चौकात वीसेक मीटर खोल विहीर आली. भिंतींत जंग्या, म्हणजे मारा करायच्या फटी, ठेवल्या. पुढे कधीतरी या साऱ्याभोवती तीन मीटर जाडीचं आणखी एक दगडी कवच चढलं. त्यात जंग्या बुजल्या आणि दरवाजा जमिनीपासून सात मीटर उंच गेला. शिडी वर ओढून घेतली की आत शिरणं संपलं.

काही अभ्यासक नुरागेला किल्ला म्हणायला तयार नाहीत. त्यांच्या मते हा कुळाचा मोठेपणा, जमिनीवरचा हक्क. एकट्यादुकट्या बुरुजाबाबत मला ते पटतं. पण सात मीटरवरचा दरवाजा कोणी मिरवायला करत नाही. इथे भीती होती, आणि बहुधा शेजारच्याच बुरुजाची.

गंमत म्हणजे लोहयुगात नवे नुरागे बांधणं थांबलं होतं, तरी लोक त्यांच्या दगडी आणि कांस्याच्या छोट्या प्रतिकृती घडवत राहिले. मूळ बुरुजांचे माथे केव्हाच कोसळलेत. वरचा सज्जा भिंतीबाहेर कसा झुकलेला असायचा, हे आपल्याला या खेळण्याएवढ्या बुरुजांवरूनच कळतं.