नाशिकहून परदेशी, पेशींच्या शोधात : एका उपचारयात्रेची पार्श्वभूमी

नाशिक हे नाव कशावरून पडले याच्या दोन उपपत्ती सांगितल्या जातात. एक नऊ शिखरांची आणि दुसरी पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापल्याची. दुसरी अधिक लोकप्रिय आहे. कापलेले नाक पुन्हा उभे करण्याची विद्या मात्र आपल्याच मुलखातून युरोपात गेली, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा मराठा गाडीवान शत्रूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागीर-वैद्याने कपाळावरची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात त्या शस्त्रक्रियेचे वर्णन चित्रासह छापून आले आणि ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तीच पद्धत वापरली. तेव्हा विद्या परदेशी गेली होती, रोगी जागच्या जागीच होता. आज रोग्यालाच विमानात बसावे लागते, असे अनेकांना वाटते.

नाशिकच्या माणसाला उपचारासाठी गाव सोडणे नवीन नाही. पहाटेच्या अंधारात फाइलींची पिशवी छातीशी धरून नाशिकरोड स्थानकावर पंचवटी एक्स्प्रेसची वाट पाहणारी, परळच्या टाटा रुग्णालयात किंवा केईएममध्ये निघालेली कुटुंबे दोन-तीन पिढ्या दिसत आली आहेत. गेल्या वीस वर्षांत या प्रवासाला एक वेगळा फाटा फुटला. स्नायू झिजत जाणारा मुलगा, जन्मतः मेंदूला इजा झालेली मुलगी, महामार्गावरील अपघातात मणक्याला मार बसलेला तरुण, स्वमग्न बालक, गुडघे गेलेले आजोबा, अशा घरांतून ‘डॉक्टर, स्टेम सेलसाठी बाहेर नेऊन आणावे का?’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला. स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, ज्यांच्यापासून शरीरातील इतर पेशी तयार होतात. बाहेर म्हणजे कुठे, याचे उत्तर मात्र दर चार-पाच वर्षांनी बदलत गेले आहे. कधी चीन, कधी जर्मनी, कधी थायलंड, कधी मेक्सिको किंवा पनामा आणि अलीकडे जपान. हे उत्तर का बदलत गेले, हे कळले की या साऱ्या प्रकरणाचा इतिहास बऱ्याच अंशी कळतो. कारण ते विज्ञानाच्या प्रगतीपेक्षा कायद्यातल्या मोकळ्या जागांनुसार बदलत आले आहे.

नव्या पेशी घालून जुने शरीर ताजे करण्याची कल्पना ‘स्टेम सेल’ या शब्दाच्या प्रसिद्धीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ हा शल्यविशारद माकडांच्या वृषणग्रंथींच्या चकत्या वयस्क पुरुषांच्या शरीरात बसवीत असे, आणि त्यासाठी देशोदेशीचे धनिक त्याच्याकडे येत. १९३० च्या दशकापासून स्वित्झर्लंडमध्ये पॉल नीहान्स या डॉक्टरने मेंढीच्या गर्भातील ताज्या पेशी टोचण्याची पद्धत रूढ केली. जिनिव्हा सरोवराच्या काठी असलेल्या त्याच्या रुग्णालयात राजघराण्यांतील माणसे आणि नट-नट्या जात. पोप बारावे पायस यांच्यावरही त्याने उपचार केले होते. यांपैकी काहीही पुढे शास्त्राच्या कसोटीला उतरले नाही. तरी निसर्गरम्य ठिकाण, मोजके दिवस, मोठी रक्कम आणि प्रसिद्ध रुग्णांची नावे हा साचा तेव्हाच तयार झाला होता. पुढच्यांनी फक्त मेंढी बदलली.

खरे शास्त्र वेगळ्या वाटेने आणि फार सावकाश आले. अमेरिकेत डोनॉल थॉमस यांनी १९५७ मध्ये रुग्णांना अस्थिमज्जा देण्याचे पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले. त्यांतील बहुतेक फसले, आणि त्याच कामासाठी त्यांना १९९० मध्ये नोबेल मिळाले, म्हणजे मध्ये तेहतीस वर्षे गेली. १९६१ मध्ये टोरांटोचे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलक यांनी उंदरांच्या मज्जेत रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशी असल्याचे दाखवून दिले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले, तर १९८८ मध्ये पॅरिसमध्ये नाळेतील रक्त वापरून पहिले प्रत्यारोपण झाले. रक्ताचा कर्करोग, थॅलसेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया यांसारख्या आजारांत मूलपेशींनी खरोखर प्राण वाचतात, आणि ही गोष्ट पुढच्या गोंधळाचे एक मोठे कारण ठरली. ज्या शब्दाने मुंबईत लेकरू वाचले, तोच शब्द चीनमधल्या शेन्झेनच्या माहितीपत्रकावर छापला गेला की त्याच्यावर अविश्वास कसा ठेवायचा? पण मज्जेतली रक्ताची मूलपेशी रक्तच तयार करते. ती मेंदूत सोडली तर मेंदू तयार करील, असे मानायला आधार नाही.

१९९८ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली, हा केवळ योगायोग; पण त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. या पेशींपासून शरीरातील जवळपास कोणतीही पेशी तयार होऊ शकते, ही बातमी जगभर गेली. भ्रूण वापरण्यावरून नैतिक वाद पेटला आणि ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अशा संशोधनाच्या सरकारी निधीवर मर्यादा घातल्या. त्या निर्णयाचा एक न ठरवलेला परिणाम असा झाला, की अमेरिकेत राजकारणामुळे उपचार अडला आहे, तो दुसरीकडे मिळत असेल, अशी समजूत पसरली. वास्तविक उपचार अडला नव्हता. तो अजून तयारच झाला नव्हता. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी भ्रूणाशिवाय, उंदराच्या साध्या त्वचापेशींना मागे नेऊन तशाच क्षमतेच्या पेशी बनवल्या आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. परंतु बातमी आणि औषध यांच्यामध्ये जी दहा-वीस वर्षांची दरी असते, त्या दरीत तोवर दुकाने थाटली गेली होती.

त्यांपैकी काही दुकाने आपल्याच देशात होती, हे नाशिककरांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. २००० नंतरच्या दशकात दिल्लीत मानवी भ्रूणपेशींची इंजेक्शने घेण्यासाठी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतून पाठीच्या कण्याचे रुग्ण येत असत. भारताने २००५ मध्ये वैद्यकीय व्हिसाचा स्वतंत्र प्रकारही सुरू केला. ज्या काळात इथला बाप मुलाला घेऊन चीनला निघाला होता, त्याच काळात तिकडचा बाप मुलाला घेऊन दिल्लीत उतरत होता. दोघांनाही आपल्या देशापेक्षा परका देश पुढे गेलेला वाटत होता.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. मात्र त्यांच्या नावातच ‘संशोधन आणि उपचार’ असा उल्लेख होता, आणि त्याचा अर्थ ज्याने त्याने सोयीने लावला. म्हणून २०१३ च्या सुधारित आवृत्तीतून ‘उपचार’ हा शब्दच काढून टाकण्यात आला. २०१७ च्या आवृत्तीने आणखी स्पष्ट केले, की रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा कोणताही वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा. नाळेचे रक्त खासगी पेढीत स्वतःच्या भावी वापरासाठी ठेवण्याला शास्त्रीय आधार नसल्याचेही परिषदेने म्हटले, तरी गंगापूर रोडवरच्या बाळंतपणांच्या खर्चात ते कलम अजून दिसते. जादूटोण्याच्या धर्तीच्या औषधी जाहिरातींना आळा घालणारा कायदा तर १९५४ पासून आहे. कायद्याची वाण नव्हती. मार्गदर्शक तत्त्वे आणि कायदा यांच्या बळात फरक असतो, इतकेच.

चीनची गोष्ट याच्याशी समांतर आहे. तिथे २००५ च्या सुमारास कंपन्या आणि रुग्णालये मिळून परदेशी रुग्णांना नाळेच्या रक्तातील पेशी कण्यातून टोचू लागली. जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने विनापरवाना उपचार थांबवण्याचा आदेश दिला. जर्मनीत युरोपीय नियमांच्या संक्रमणकाळाचा आधार घेऊन एक खासगी केंद्र चालत होते. २०१० मध्ये मेंदूत पेशी टोचल्यानंतर एका तान्ह्या मुलाचा मृत्यू झाला आणि २०११ मध्ये ते बंद पडले. एक दार बंद झाले की एजंट दुसऱ्या दाराचे कोटेशन घेऊन हजर असे.

जपानचे प्रकरण जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण सध्या सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. दक्षिण कोरियात अशा इंजेक्शनांना परवानगी नव्हती, म्हणून तिथली एक कंपनी आपल्या ग्राहकांच्या पेशी कोरियात वाढवून ती माणसे टोचून घेण्यासाठी जपान आणि चीनला पाठवीत असे. २०१० मध्ये अशाच एका वृद्ध रुग्णाचा क्योटोमध्ये मृत्यू झाला. जपानमध्ये तोवर डॉक्टरांच्या अशा खासगी व्यवहारावर विशेष नियंत्रण नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथे पुनर्जनन वैद्यकाच्या, म्हणजे पेशींच्या साह्याने शरीराचा बिघडलेला भाग दुरुस्त करू पाहणाऱ्या उपचारांच्या, सुरक्षिततेचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी तो अमलात आला. त्यात उपचार धोक्यानुसार तीन वर्गांत विभागले गेले. दवाखान्याने आपल्या उपचाराचा आराखडा मान्यताप्राप्त समितीपुढे ठेवून मंत्रालयाकडे सादर करायचा, अशी पद्धत ठरली. म्हणजे आराखड्याला मिळणारा क्रमांक हा नोंदीचा आणि सुरक्षिततेच्या तपासणीचा पुरावा आहे. उपचाराने रोग बरा होतो, असा तो दाखला नव्हे. माहितीपत्रकाच्या मराठी किंवा इंग्रजी भाषांतरात मात्र त्याचे ‘जपान सरकारची मान्यता’ असे रूपांतर होते, आणि पिढ्यानपिढ्या सरकारी शिक्क्याला मान देत आलेल्या आपल्या घरांत हे तीन शब्द पुरेसे ठरतात.

त्याच सुमारास जपानने औषधांच्या कायद्यातही एक सवलत आणली. पुरेसा पुरावा गोळा होण्याआधी पेशीजन्य औषधाला काही वर्षांसाठी सशर्त परवाना द्यायचा आणि मग निर्णय करायचा, अशी ती तरतूद आहे. २०१५ मध्ये हृदयासाठीच्या ‘हार्टशीट’ला असा परवाना मिळाला. २०२४ मध्ये तज्ज्ञ समितीने परिणाम सिद्ध झाला नसल्याचे सांगितले. मधल्या नऊ वर्षांत या उत्पादनाचे नाव आशेचा पुरावा म्हणून किती ठिकाणी छापले गेले असेल, याचा हिशेब कोण ठेवणार? मणक्याच्या दुखापतीसाठी २०१८ मध्ये सशर्त मान्यता मिळालेला ‘स्टेमिरॅक’ हा उपचार तर दुखापत ताजी असतानाच, रुग्णाची मज्जा लगेच काढून करायचा आहे. पाच वर्षे खुर्चीत बसलेल्या तरुणासाठी तो नाहीच.

पैशाची बाजूही याच काळात मोकळी झाली. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००४ मध्ये उदारीकृत प्रेषण योजना आणली तेव्हा वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवता येत. आता ती मर्यादा २.५ लाख डॉलर आहे, आणि वैद्यकीय उपचाराच्या अंदाजपत्रकावर त्याहून अधिकही पाठवता येतात. बँकेला अंदाजपत्रक पुरते. उपचार सिद्ध आहे का, हे तपासणे बँकेचे काम नाही आणि तशी अपेक्षाही नाही. द्राक्षबाग गहाण ठेवून उभी केलेली रक्कम आणि नोकरदाराच्या भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम या खिडकीपाशी सारखीच असते.

परदेश म्हणजे सुरक्षित, त्यातही अमेरिका म्हणजे नक्कीच, या समजुतीला धक्का देणारी घटना मार्च २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नोंदली गेली. फ्लोरिडातील एका दवाखान्यात तीन वृद्ध स्त्रियांच्या पोटावरच्या चरबीतून काढलेल्या पेशी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत टोचण्यात आल्या आणि तिघींचीही दृष्टी जवळपास गेली. आपल्याच शरीरातून काढलेल्या पेशी हे औषध नव्हे, सबब औषध नियंत्रकाचा संबंध नाही, असा युक्तिवाद तिथे अनेक दवाखाने वर्षानुवर्षे करीत होते. २०१४ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने तो फेटाळला, तरी व्यवसाय थांबला नाही.

या उलट, ज्या गोष्टी रीतसर सिद्ध होत गेल्या त्या गाजावाजाविना इथेच होत गेल्या. तंबाखूमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडून बोटे काळी पडण्याचा बर्जर नावाचा आजार बिडी ओढणाऱ्यांत दिसतो. सिन्नर ही बिडीउद्योगाची जुनी पेठ, त्यामुळे तो या जिल्ह्याला परका नाही. या आजारासाठी बेंगळुरूच्या कंपनीने बनवलेल्या ‘स्टेमप्युसेल’ या उत्पादनाला भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०१६ मध्ये मर्यादित आणि २०२० मध्ये पूर्ण मान्यता दिली. रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या कामातून आलेली ‘नेक्सकार १९’ ही पेशीचिकित्सा ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य झाली. यांतल्या प्रत्येकाचा रोग नेमका ठरलेला आहे. एकाच पेशीने स्वमग्नता, मधुमेह, गुडघा आणि लकवा असे सारे बरे करण्याचा दावा त्यांपैकी कोणीही करीत नाही.

उरतो तो परतीनंतरचा काळ, ज्याची चर्चा जाण्यापूर्वी क्वचितच होते. इस्रायलमधील एका मुलाला २००१ ते २००४ या काळात मॉस्कोला नेऊन गर्भाच्या मेंदूतील मूलपेशी तीन वेळा टोचण्यात आल्या होत्या. पुढे त्याच्या मेंदूत आणि कण्यात गाठी आढळल्या. कण्यातली गाठ काढून तपासल्यावर तिच्यातल्या पेशी त्याच्या स्वतःच्या नसून किमान दोन दात्यांच्या असल्याचे निष्पन्न झाले, आणि २००९ मध्ये ते शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. हे कळू शकले, कारण तिथल्या डॉक्टरांना मुलाला नेमके काय आणि कधी टोचले होते याची माहिती होती आणि गाठीची तपासणी झाली. परदेशातून येणाऱ्या फाइलीत बहुधा दोन पानांचा गोषवारा, पैशांची पावती आणि पुढच्या फेरीची तारीख एवढेच असते. पेशी कुणाच्या, किती, कोणत्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या आणि त्यांची कोणती तपासणी झाली होती, हे त्यात नसेल तर चार वर्षांनी डोकेदुखी घेऊन आलेल्या मुलासमोर शरणपूर रोडवरच्या डॉक्टरला कुठून सुरुवात करायची, हेच कळत नाही.