फोर्कलिफ्ट ‘पलटली’, पण कशी?

भिवंडी असो की चाकण, गोदामात फोर्कलिफ्टचा, म्हणजे काट्यांवर माल उचलणाऱ्या गाडीचा, अपघात झाला की डॉकवर (ट्रक लावायच्या ओट्यावर) एकच निदान: ‘लोड जास्त होता, पलटली.’ नाकावर आपटली तरी पलटली, कुशीवर पडली तरी पलटलीच.

नाकावर आपटणं सगळ्यांना समजतं. तराजूच तो. पुढची चाकं टेकू, एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला काउंटरवेट, म्हणजे गाडीच्या मागचं तोल सांभाळणारं वजन. गाडी अडीच टन उचलते, हा आकडा सहसा काट्यांच्या उभ्या भागापासून 500 मिलिमीटरवर मालाचा मध्य धरून दिलेला असतो. लांबट माल घ्यायचा तर वजन कमी करा. एवढं पुरे.

कुशीवर कलंडणं मात्र निव्वळ लोडचं काम नाही. चाकं दिसतात चार, पण बहुतेक गाड्यांचा मागचा अ‍ॅक्सल मधोमध एका पिनवर डोलतो. म्हणजे गाडी खरं तर तीनच ठिकाणी टेकलेली असते: पुढची दोन चाकं आणि मागची ती पिन. हा त्रिकोण पुढे रुंद, मागे निमुळता. काट्यांवर माल असला की गुरुत्वमध्य पुढे, रुंद भागात येतो. माल उतरवला की काउंटरवेट त्याला मागे, निमुळत्या टोकाकडे ओढतं. म्हणून ट्रक भरून झाल्यावर रिकाम्या गाडीने भरधाव वळण घेणं अधिक धोक्याचं. ‘रिकामीच तर आहे’ असं कोणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. मास्ट (काटे वर-खाली नेणारा खांब) वर ठेवून वळलात तर भरलेलीही कलंडेल, हे वेगळं सांगायला नको.

कलंडताना ऑपरेटर बाहेर उडी मारतो आणि डोक्यावरचं लोखंडी छत त्याच्याच अंगावर येतं. बसून चालवायच्या गाडीत बेल्ट हवाच. स्टीअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि गाडी पडतेय त्याच्या उलट बाजूला झुकायचं. उभ्याने चालवायच्या, मागून चढायच्या गाडीतून मात्र मागे उतरून दूर व्हायचं असतं. ट्रेनिंगमध्ये दोन्हींना एकच नियम शिकवणाऱ्यांपुढे हात टेकले.

डॉक आणि ट्रकच्या फटीत पडणारी फोर्कलिफ्ट हा तिसराच प्रकार. आत-बाहेर करताना बसणाऱ्या धक्क्यांनी ट्रक हळूहळू पुढे सरकतो. तिथे फोर्कलिफ्टवाल्याचा लोड मोजत बसू नका, ट्रकच्या चाकाखाली ठोकळे होते का ते विचारा. ‘हँडब्रेक होता’ हे उत्तर चालणार नाही.