टास्क मॅनेजरमधे एकच अ‍ॅप सहा वेळा का दिसतं

पिंपळगावला एका कांद्याच्या खळ्यावर आमचं काटा पावतीचं सॉफ्टवेअर चालतं, ते इलेक्ट्रॉनवर बनवलंय, म्हणजे वेबपानांनी डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवायच्या चौकटीवर. मागच्या सीझनला तिथल्या मुनीमजींचा फोन, "भाऊ, तुमचं एकच सॉफ्टवेअर सहा वेळा चालू दिसतंय, व्हायरस घुसला का काय?" व्हायरस नव्हता, पण नाशिकहून गाडी काढून तिथे पोचेपर्यंत त्यांना काय सांगायचं हेच मला सुचेना, कारण खरं उत्तर द्यायचं तर २००८ पासून सुरू करावं लागतं.

तोवर बहुतेक ब्राउजर सगळं एकाच प्रोसेसमधे (मशीनवर स्वतंत्र चालणारा एक प्रोग्राम) चालवायचे, एका टॅबमधे फ्लॅश (तेव्हाचा व्हिडिओ, गेम दाखवणारा प्लगइन) अडकला की बाकीचे दहा टॅबही गेले आणि अर्धा भरलेला फॉर्मही गेला. सप्टेंबर २००८ मधे गूगलनी क्रोम आणला त्यात हे तोडलं. एक मुख्य ब्राउजर प्रोसेस, तिच्याकडे फाइली, खिडक्या, सगळा कारभार, आणि पानं रंगवायला वेगळ्या रेंडरर प्रोसेस, त्या सँडबॉक्समधे, म्हणजे बंद कोठडीत, कोंडलेल्या. रेंडररला डिस्कला हात लावायची परवानगी नाही, काही हवं असेल तर मेसेज पाठवून मागायचं. लोकांना वाटतं हे फक्त क्रॅश टाळायला केलं, पण निम्मं कारण अविश्वास हे होतं: इंटरनेटवरून आलेलं पान म्हणजे परका माणूस, त्याला ओसरीवर बसवायचं, माजघरात नाही. (२००९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ नी पण टॅब वेगळ्या प्रोसेसमधे टाकले होते, त्याचं श्रेय कुणी देत नाही.)

२००९ मधेच रायन डाल यांनी क्रोममधलं जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही८ इंजिन उचलून नोड बनवलं, म्हणजे पानातली तीच जावास्क्रिप्ट भाषा पण फाइली, नेटवर्क सगळं मोकळं. एक भाऊ कुलपात, दुसरा मोकाट, मग दोघांना एकत्र आणायचा मोह कुणालातरी होणारच. २०११ मधे इंटेलमधल्या रॉजर वांग यांनी नोड-वेबकिट सुरू केलं, त्यात पानातूनच थेट डिस्कवरची फाइल उघडता यायची. तिथेच इंटर्न असलेले चेंग झाओ पुढे गिटहब कंपनीच्या अ‍ॅटम या कोड लिहायच्या एडिटरसाठी काम करायला लागले आणि २०१३ मधे त्याच्या खालची चौकट, अ‍ॅटम शेल, लिहायला घेतलं.

इथली एक गंमत मला फार आवडते. क्रोमियमचा (क्रोमचा खुला गाभा) स्वतःचा इव्हेंट लूप असतो, म्हणजे काय घडलं ते सतत बघत फिरणारं चक्र, नोडचा वेगळा, आणि एका थ्रेडवर (कामाच्या एका धाग्यावर) एका वेळी एकच लूप फिरणार. नोड-वेबकिटनी क्रोमियमचा लूपच बदलून टाकला होता. झाओंनी तसं न करता एक वेगळा थ्रेड बसवला, त्याचं काम फक्त नोडकडे काही घडलं का यावर नजर ठेवायची आणि घडलं की मुख्य लूपला हाक मारायची. आणि क्रोमची विभागणी त्यांनी तशीच ठेवली: मेन प्रोसेस खिडक्या उघडणार, प्रत्येक खिडकीचं पान रेंडररमधे चालणार, मधे आयपीसीचे, म्हणजे प्रोसेसनी एकमेकींना पाठवायचे, मेसेज. २०१४ ला कोड खुला झाला, एप्रिल २०१५ ला नाव बदलून इलेक्ट्रॉन, मग व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड सगळे त्यावर.

पण भिंत ठेवली तरी तिला दार मोठं होतं. पानात नोड सुरूच असायचं, म्हणजे कुणी बाहेरचा स्क्रिप्टचा तुकडा घुसवला की अख्खं मशीन त्याच्या हातात. वर रिमोट नावाचं मॉड्यूल, दिसायला साधा फंक्शन कॉल, पण आतून दर वेळी मेन प्रोसेसला मेसेज आणि उत्तर येईपर्यंत पान गप्प उभं. मी पण हेच केलंय, खोटं कशाला बोलू. पावती छापताना मागच्या वर्षभराचा हिशोब मेनकडून असाच थांबून मागायचो, त्यात मेन अडकला म्हणजे सगळ्याच खिडक्या अडकल्या, स्क्रीन पांढरी आणि काट्याबाहेर ट्रॅक्टरची लाइन.

इलेक्ट्रॉनवाल्यांनी ते दार हळूहळू बुजवत आणलं. २०१९ ला पाचव्या व्हर्जनमधे पानातलं नोड डिफॉल्ट बंद. २०२१ ला बाराव्यात कॉन्टेक्स्ट आयसोलेशन (पानाची जावास्क्रिप्ट अ‍ॅपच्या जावास्क्रिप्टपासून वेगळी ठेवणं) डिफॉल्ट चालू, त्याच वर्षी चौदाव्यात रिमोट काढूनच टाकलं, आणि २०२२ ला विसाव्यात रेंडररला डिफॉल्ट सँडबॉक्स. आता पानाला काय मिळणार ते पानाआधी चालणाऱ्या प्रीलोड स्क्रिप्टमधे मोजून मापून द्यायचं. थोडक्यात, गाडी फिरून क्रोमच्या २००८ च्या अविश्वासावर आली, आणि आमच्यासारख्यांचा जुना कोड प्रत्येक अपडेटला मोडत गेला.

खळ्यावर बसून मुनीमजींना एकेक दाखवलं: ही मेन, ही ग्राफिक्सची, ही नेटवर्कची, ही तुमची पावतीची खिडकी, ही काट्याच्या आकड्याची. सहावी कुठली ते मलाही दहा मिनिटं कळेना. पावती छापायला मी एक लपलेली खिडकी उघडत होतो आणि ती बंद करायची ओळच लिहिली नव्हती. आता पाच दिसतात.