पार्किंगचा कोबा का फुटतो?

एक जाड सळई घ्या आणि तिचं टोक पार्किंगच्या जमिनीवर आपटत चला. जिथे टणटण वाजतं तिथे खालचा भराव घट्ट आहे. जिथे बद्द, पोकळ आवाज येतो तिथे भराव खाली बसलाय आणि कोबा अधांतरी आहे. गाडीचं चाक त्यावरून गेलं की तो वाकतो, आणि काँक्रीट दाबाला कितीही दणकट असलं तरी वाकणं त्याला अजिबात सोसत नाही. मुंबईतल्या बंगल्यांची गॅरेजेस आणि सोसायट्यांची स्टिल्ट पार्किंग्ज (इमारतीखाली खांबांमधली पार्किंगची जागा) पाहिली तर बहुतेक तडे असेच खालून आलेले दिसतात. त्यावर वरून सिमेंटचा हात फिरवणं म्हणजे पैसे पाण्यात.

तोडायला घेण्याआधी तडा नीट वाचावा. तड्याच्या दोन बाजूंमध्ये उंचीचा फरक पडला असेल तर भराव खचलाय. दोन्ही बाजू समपातळीत आणि फट केसाएवढी असेल तर ते काँक्रीटचं आकुंचन, त्यासाठी सगळं उखडायची गरज नाही. तड्याच्या कडेला तांबूस डाग म्हणजे आतली सळई गंजतेय. पांढरा लोणा फुलला असेल तर खालून पाणी वर चढतंय. याची खात्री करायला दोन फूट चौकोनी प्लास्टिक कोरड्या कोब्यावर पसरून चारही कडा टेपने चिकटवा आणि किमान १६ तास तसंच ठेवा. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब जमले किंवा कोबा काळपट पडला, तर ओल जमिनीतूनच येतेय.

मुंबईत ही ओल नवलाची नाही. शहराचा बराच भाग सात बेटांमधल्या खाड्या बुजवून झालेला. वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि किनाऱ्यालगतच्या सखल भागात जमिनीतल्या पाण्याची पातळी भरती-ओहोटीबरोबर हलते. म्हणून तळघराची गोष्ट इथे वेगळी काढावीच लागते. काँक्रीट पाण्याच्या साधारण २.४ पट जड असतं. म्हणजे पाच इंच जाडीच्या कोब्याचं वजन बारा इंच पाण्याएवढं. तळघराच्या बाहेर जमिनीतलं पाणी तुमच्या फरशीच्या तळापेक्षा फूटभर जरी वर आलं, तरी ते त्या कोब्याला उचलू लागतं. एक मीटर वर आलं तर प्रत्येक चौरस मीटरला एक टनाचा रेटा. तो रेटा पेलते ती खालची लोखंडाने भरलेली राफ्ट, जी इमारतीच्या पायाचाच भाग असते. तळघरात वरचा झिजलेला थर काढून नवा घाला, पण राफ्टला ब्रेकर लावू नका. तिथून पाणी येत असेल तर ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय हाती घ्यायचं नाही.

इथून पुढचं सगळं जमिनीवर टेकलेल्या कोब्याबद्दल. हिशेबासाठी एका गाडीची जागा धरू : १० फूट बाय १८ फूट, म्हणजे १८० चौरस फूट.

आधी खाली काय काय आहे ते शोधा. पाण्याची टाकी, ड्रेनेजची लाइन, मीटर रूमकडून येणारी केबल, गॅसचा पाइप या सगळ्यांचा रस्ता बहुधा पार्किंगखालूनच जातो. कडा आधी कटरने कापून घ्या, मग मधला भाग ब्रेकरने फोडा. कडा न कापता फोडलं तर शेजारचा चांगला कोबाही सोबत उचकटतो. कॉलमच्या आणि प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या तुळईच्या) जवळ ब्रेकर नको, तिथे छिन्नी-हातोडाच. कापताना पाणी सोडत राहा आणि कामगारांना चांगला मास्क द्या, कारण काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात गेली की परत निघत नाही.

खोदाई किती? ९ इंच सोलिंग (रचलेल्या दगडांचा थर), त्यावर ३ इंच पीसीसी (लोखंडाशिवायचं साधं काँक्रीट) आणि त्यावर ५ इंच कोबा, एकूण १७ इंच. सोलिंगला १३५ घनफूट, म्हणजे १.३५ ब्रास माल लागेल (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). खड्ड्याच्या तळाशी काळी चिकट माती किंवा खाडीचा गाळ लागला तर तो जमेल तितका काढून मुरूम भरा. भराव एका दमात टाकायचा नाही. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर, आणि मशीन पोचत नाही त्या कोपऱ्यात धुम्मस. पाण्याचं प्रमाण हाताने कळतं. मूठभर मुरूम दाबा : लाडू वळला, कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर तो दोन-चार तुकड्यांत फुटला, तर ओल बरोबर. भुगा झाला तर कोरडा, चिखलासारखा चपटला तर जास्त ओला. पाणी सोडून भराव ‘बसवायची’ पद्धत वाळूला चालते. चिकण मातीला ती मारक आहे, कारण मातीच्या कणांमध्ये अडकलेलं पाणी महिनोन् महिने निघत नाही, आणि निघतं तेव्हा माती खाली जाते, तुमच्या कोब्यासकट.

सोलिंगचे दगड उभे, एकमेकांना खेटून रचायचे, फटीत चिपा ठोकायच्या. दगडांमधल्या मोठ्या पोकळ्या पाण्याला वर चढू देत नाहीत. पाणी चढतं ते बारीक छिद्रांतून, टिपकागदात शाई चढते तसं. पण त्याच पोकळ्यांत मुरमाची पूड भरली की ही वाट पुन्हा उघडते. म्हणून १:३:६ च्या (सिमेंट : वाळू : खडी) पीसीसीवर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरावं, जोडावर सहा इंच चढवून टेप लावावी आणि भिंतीपाशी वर वळवावं. खर्चाच्या मानाने इतका उपयोगी थर दुसरा नाही, आणि सगळ्यात आधी गाळला जातो तोही हाच.

लोखंड ८ मिलीमीटरचं, दोन्ही दिशांना ८ इंचांवर. आपल्या जागेला साधारण ७० किलो. ते कुठे राहतं हे वजनापेक्षा महत्त्वाचं. इथे सळईचं काम तडा गेलाच तर तो घट्ट धरून ठेवायचं, आणि आकुंचनाचा तडा वरून सुरू होतो. म्हणून जाळी वरच्या तिसऱ्या हिश्श्यात हवी, पृष्ठभागाच्या दीड-दोन इंच खाली. प्रत्यक्षात माल ओतताना माणसं तिच्यावरून चालतात आणि जाळी प्लास्टिकवर जाऊन झोपते. जाळी वर धरायला पुरेशा उंचीच्या सळईच्या खुर्च्या बांधून घ्या आणि चालायला फळ्या टाका. प्रत्येक कॉलमभोवती आणि भिंतीलगत अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी लावा. कॉलम पायावर उभा आहे, कोबा मातीवर. दोघं वेगवेगळे हलणार, त्यांना चिकटवलं तर कॉलमच्या कोपऱ्यातून तिरका तडा ठरलेला.

आता काँक्रीट. पाच इंचांनी ७५ घनफूट, म्हणजे २.१२ घनमीटर. एम२५ ग्रेडच्या काँक्रीटसाठी (आकडा जितका मोठा तितकी ताकद जास्त) घनमीटरला ३४० किलो सिमेंट धरलं तर १४ ते १५ गोणी. पाऊस आणि खारा वारा थेट लागत नसेल तर एम२५ पुरतं. भरतीचं पाणी शिरतं तिथे किमान एम३० घ्या.

आणि इथेच तो प्रश्न येतो, जो प्रत्येक साइटवर ऐकू येतो : “साहेब, माल कडक आहे, थोडं पाणी मारू?” नाही. सिमेंट सुकून घट्ट होत नाही. त्याच्या कणांची पाण्याशी रासायनिक क्रिया होते, त्यातून चिकट जेल तयार होतं आणि तेच खडी-वाळूला जखडतं. या क्रियेला सिमेंटच्या वजनाच्या जेमतेम ४० टक्के पाणी लागतं. बाकीचं फक्त माल हाताळता यावा म्हणून असतं, आणि ते नंतर उडून जाताना आपल्या जागी सूक्ष्म नळ्या सोडून जातं. पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढलं की ताकद घटते, हा नियम अमेरिकन संशोधक डफ एब्रॅम्स यांनी १९१८ साली मांडला. आजही मिक्सची सगळी आखणी त्याच्याच पायावर होते. आपल्या कोब्यात गुणोत्तर ०.५ वरून ०.६५ वर गेलं, तर जास्तीचं पाणी किती? सुमारे १०८ लिटर. पंधरा लिटरच्या सात बादल्या, ज्या कोब्यातून निघून जातील आणि आपल्या जागी भोकं ठेवतील. माल सैल हवा असेल तर प्लास्टिसायझर मागा, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन.

गोणीमागे २५ लिटर हा हिशेब लक्षात ठेवा, आणि त्यातून वाळूतलं पाणी वजा करा. एका गोणीला ८० किलो वाळू लागत असेल आणि तिच्यात ५ टक्के ओल असेल, तर चार लिटर आधीच आलेत. शिवाय ओली वाळू फुगते. घमेल्याने मोजली तर ती प्रत्यक्षात कमी पडते. पाणी पिण्याच्या दर्जाचं हवं. किनाऱ्याजवळच्या बोअरवेलचं खारं पाणी नको, कारण क्लोराइड सळईला आतून गंजवतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलीग्रॅमच्या वर चालत नाही. आरएमसी (प्लांटवरून येणारं तयार काँक्रीट) मागवत असाल तर प्लांटवर माल भरल्याची वेळ चलनावर पाहा. दोन तासांच्या आत तो उतरायला हवा, आणि हायवेवरच्या गर्दीत दोन तास कसे जातात हे मुंबईकराला सांगायला नको.

माल ओतला, व्हायब्रेटर फिरवला, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने लेव्हल केली. उतार १:१००, म्हणजे १८ फुटांत दोन इंचांहून थोडा जास्त, गटाराच्या जाळीकडे. यानंतरचे दोन तास कोब्याचा पृष्ठभाग ठरवतात. जड खडी खाली बसते, पाणी वर तरंगतं. त्या पाण्यावरच लोखंडी गुरमाळा फिरवला किंवा ते शोषून घ्यायला कोरडं सिमेंट भुरभुरलं, तर वर एक कमकुवत साय तयार होते. पार्किंग झाडताना रोज पांढरी धूळ निघते ती हीच. थांबायचं. चमक गेली पाहिजे आणि बुटाचा ठसा पाव इंचाहून खोल उमटता कामा नये, मग घोटायचं. एप्रिल-मेच्या वाऱ्यात उलटं होतं : वर आलेल्या पाण्यापेक्षा उडालेलं जास्त, आणि ओल्या मालावरच आखूड समांतर तडे पडतात. अशा दिवसांत पहाटे ओता आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधा. मोठ्या पार्किंगला ट्रीमिक्स परवडतं. त्यात व्हॅक्यूम पंपाने जास्तीचं पाणी ताज्या कोब्यातूनच खेचून काढतात.

कोबा आकसणार हे नक्की. मग तडा कुठे पडावा हे आपण ठरवायचं. पाच इंचांच्या कोब्याला १० ते १२ फुटांवर जॉइंट लागतो, म्हणून १८ फुटांच्या मधोमध, ९ फुटांवर, एक आडवा खाच कापा, सव्वा इंच खोल. वेळ सहा ते अठरा तासांच्या दरम्यान. लवकर कापलं तर कडेची खडी उपटते, दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन आलं तर तडा आधीच आपली वाट निवडून गेलेला असतो.

क्युरिंगला बाजारातल्या पीपीसी (पोझोलाना मिसळलेल्या) सिमेंटसाठी किमान १० दिवस, शक्यतो १४. मालाचे वाफे करून दोन इंच पाणी उभं करा, किंवा गोणपाट अंथरून सतत ओलं ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणं हे क्युरिंग नव्हे. मधल्या उन्हात वरचा थर सुकला की तिथली रासायनिक क्रिया थांबते. माणसं दुसऱ्या दिवशी चालू शकतात, गाडी मात्र क्युरिंग संपल्यावरच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जमीन अजून खचतेय असं दिसत असेल, तर कोबा घालूच नका. तिथे पेव्हर ब्लॉक बरे. उचलून, खालची खचलेली जागा भरून पुन्हा बसवता येतात. आणि रस्ता वर्षानुवर्षे उंच होत गेल्यामुळे पार्किंग खड्ड्यात गेलं असेल, तर आधी पाणी कुठे काढायचं ते ठरवा, मग कोब्याची पातळी.

खाचेत सीलंट लगेच भरू नका. कोबा पुढचे दोन-तीन महिने आकसत राहतो, फट रुंदावते आणि घाईने भरलेलं सीलंट एका कडेने सुटतं. तोवर खाच झाडून स्वच्छ ठेवा. पावसाळा तोंडावर आला असेल तर फोमची दोरी दाबून बसवा, म्हणजे चाकांबरोबर येणारे खडे त्यात अडकून कडा फोडणार नाहीत.