लघवीला लागतच नाही तेव्हा

सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर बसलेली माणसं ओळखू येतात. हातात पाण्याची बाटली, पाय घट्ट जुळवलेले आणि 'कधी एकदा नंबर लागतो' असा चेहरा. त्यांच्यातच एखादे काका निवांत असतात. "लागली का?" विचारलं तर म्हणतात, "नाही हो अजून." आणि प्रोब पोटावर ठेवला की पडद्यावर मूत्राशय तट्ट फुगलेलं दिसतं.

अशा काकांना बऱ्याचदा जुना मधुमेह असतो.

गंमत म्हणजे या आजाराची ओळखच मुळी जास्तीच्या लघवीने झाली. जिला मुंग्या लागतात ती मधासारखी लघवी, म्हणून मधुमेह. १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरने रुग्णाची लघवी आटवून पाहिली, तर तळाशी साखरेसारखा गोड साका उरला. कारण सरळ आहे. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं बहुतेक पाणी नि जवळपास सगळी साखर रक्तात परत घेतात. रक्तातली साखर दर १०० मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ही परतफेड झेपत नाही. मग साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणीही ओढून नेते. रात्री चारदा उठणं, घशाला कोरड, सगळं त्यातूनच.

साखर वर्षानुवर्षं चढीच राहिली तर गाडी उलट दिशेने जाते. पायांना मुंग्या आणणारा नसांचा आजार मूत्राशयाच्या नसांनाही गाठतो. एरवी दीडशे-दोनशे मिलिलिटर लघवी जमली की पहिली चाहूल लागते, चारशे-पाचशेला घाई होते. नसा बधिर झाल्या की हा निरोपच मेंदूला पोचत नाही. दिवसातून दोन-तीनदाच जावं लागतं, धार बारीक होते, जोर करावा लागतो. माणूस मात्र खूश, "रात्रीचं उठणं थांबलं, शुगर ताब्यात आली!" ही समजूत मला सगळ्यात घातक वाटते. स्नायूही ढिला पडल्याने लघवी मागे उरते, त्यात जंतू माजतात आणि भरलेली पिशवी नकळत थेंबथेंब गळू लागते. पुरुषांमध्ये सगळं खापर मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीवर फुटतं. कधी ते खरंही असतं, कधी दोन्ही असतं.

आतड्यांनाही हाच फटका बसतो. नसा मंदावल्या की बद्धकोष्ठ, आणि काहींना त्याच्या अगदी उलट, झोपेतून उठवणारे पातळ जुलाब. अर्थात मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनेही जुलाब होतात, तेव्हा गोळीचं नाव डॉक्टरांना आधी सांगावं.

मूत्राशयाची तपासणी सोपी आहे: लघवी करून आल्यावर पुन्हा सोनोग्राफी, म्हणजे मागे किती उरली ते कळतं. साखर आटोक्यात ठेवणं तर आलंच. बाकी बरेचदा उपाय सुरू होतो तो घड्याळापासून: दर तीन-चार तासांनी जायचं, लागो न लागो, आणि झाल्यावर जरा थांबून पुन्हा एकदा बसायचं.