भ्रूण निवडणं वेगळं, भ्रूण बदलणं वेगळं

‘डिझायनर बेबी’ असा मथळा आला की त्याखाली दोन निराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. पहिली म्हणजे आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर लॅबमध्ये, तयार झालेल्या भ्रूणांची जनुकीय तपासणी करून त्यातलं एक निवडणं. डॉक्टर तिला पीजीटी म्हणतात. दुसरी म्हणजे क्रिस्परसारखं डीएनए कापून बदलणारं तंत्र वापरून भ्रूणाच्या डीएनएतच फेरफार करणं, म्हणजे जीन एडिटिंग. पहिली आज मुंबई-पुण्यातल्या आयव्हीएफ सेंटरमध्ये होते. दुसरी उपचार म्हणून भारतात तर नाहीच, पण इतर कुठल्याही देशात दिली जात नाही. तरी लोकांना धास्ती वाटते ती दुसरीची. महाराष्ट्रात तरी आधी पहिलीवर लक्ष ठेवायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण घेऊ. नवरा-बायको दोघेही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आजाराचे नुसते वाहक, असतील, तर स्वतः ठणठणीत असतात. पण प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता 25 टक्के असते. मेजर म्हणजे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, अंगात साठलेलं लोह काढायला रोज औषध घ्यायचं आणि हे सगळं बहुधा जन्मभर. असं एक मूल घरात असेल, तर दुसऱ्या वेळी आईबाप पीजीटीचा विचार करतात. त्यांना कुणी हौशी म्हणू नये.

प्रत्यक्षात काय होतं तेही पाहू. भ्रूण इन्क्युबेटरमध्ये पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत वाढवतात. तोवर त्यात शंभराच्या वर पेशी झालेल्या असतात. आतल्या पुंजक्यापासून पुढे बाळ बनतं आणि बाहेरच्या थरापासून वार (प्लॅसेंटा). एम्ब्रियॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली लेसरने कवचाला बारीक भोक पाडतो आणि बाहेरच्या थरातल्या पाच ते दहा पेशी काचेच्या नळीत ओढून घेतो. भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलं जातं. लॅबमध्ये जातात त्या फक्त या मूठभर पेशी. रिपोर्ट आला की ज्या भ्रूणात आजार नाही ते गर्भाशयात सोडतात. त्याच्या डीएनएतलं एक अक्षरही कुणी बदललेलं नसतं. याच जोडप्याला नैसर्गिकरीत्या जे मूल होऊ शकलं असतं, त्यातलंच ते एक असतं.

म्हणून निवडीतला नैतिक पेच जन्मणाऱ्या मुलाबद्दल कमी आणि न निवडलेल्या भ्रूणांबद्दल जास्त आहे. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या 2021 च्या एआरटी कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त 10 वर्षं साठवता येतात. त्यानंतर ती नष्ट करायची किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनाला द्यायची. संशोधनातही ती अमर्याद वाढवता येत नाहीत. 14 दिवसांची मर्यादा ब्रिटनच्या वॉर्नक समितीने 1984 मध्ये सुचवली आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तीच आहे. साधारण त्याच सुमारास भ्रूणावर शरीराच्या अक्षाची पहिली रेघ उमटते आणि एका भ्रूणाची जुळी होण्याची शक्यता संपते. भ्रूण म्हणजे व्यक्ती नव्हे असं मानणाऱ्यालाही कुठेतरी थांबावं लागतं. ती जागा इथे ठरवली, आणि मला ती योग्य वाटते.

आता बदलण्याकडे येऊ. नोव्हेंबर 2018 मध्ये हे च्यानख्वी नावाच्या चिनी संशोधकाने जुळ्या मुलींच्या जन्माची बातमी दिली. भ्रूणावस्थेत त्यांचं सीसीआर5 हे जनुक (एचआयव्हीला पेशीत शिरायला ज्याची मदत होते ते) त्याने क्रिस्परने बदललं होतं. हेतू सांगितला तो एचआयव्हीपासून संरक्षणाचा. वडील एचआयव्हीबाधित होते, आई नव्हती. अशा जोडप्याला वीर्य धुऊन निरोगी मूल होऊ शकतं, ते तंत्र वर्षानुवर्षं वापरात आहे. म्हणजे गरजच नव्हती. शिवाय झालेला बदल काही माणसांत नैसर्गिकरीत्या आढळणाऱ्या, एचआयव्हीपासून वाचवणाऱ्या बदलासारखा नव्हता. असं काम करताना कुठल्या पेशीत बदल झाला आणि कुठल्या पेशी तशाच राहिल्या, डीएनएत भलतीकडे कात्री लागली का, हेही जन्माआधी खात्रीने सांगता येत नाही. डिसेंबर 2019 मध्ये त्याला तीन वर्षांची कैद झाली. पण तो बदल त्या मुलींच्या शरीरात आहे आणि पुढे त्यांच्या मुलांतही जाऊ शकतो. ज्यांच्यावर प्रयोग होतो त्यांची संमती घेणं इथे शक्यच नसतं. भारतात आयसीएमआरच्या 2019 च्या तत्त्वांनुसार वारशात जाणाऱ्या अशा जनुकीय बदलाला बंदी आहे.

‘पण मग थॅलेसेमिया एडिटिंगनेच कायमचा काढून टाकला तर?’ असं अनेक जण विचारतात. दुरुस्त करायचं भ्रूण कुठलं, हे कळायला आधी सगळ्या भ्रूणांची तपासणी करावी लागेल. ती केली की बहुतेक वेळा आजार नसलेलं भ्रूण हातात आलेलंच असतं. मग आजारी भ्रूण दुरुस्त करायचा धोका कशासाठी पत्करायचा? दोघेही आईवडील थॅलेसेमिया मेजर असतील, तर मात्र प्रत्येक भ्रूणात आजार येणार आणि निवडीला वावच राहणार नाही. एडिटिंगच्या बाजूने खरा युक्तिवाद एवढ्याच चिंचोळ्या जागेत उभा राहतो.

याच गोंधळात तिसरी गोष्ट ओढली जाते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या ‘कासजेवी’ या क्रिस्पर उपचाराला 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिली. त्यात आधीच जन्मलेल्या रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी बाहेर काढून बदलतात. तो बदल त्याच्या मुलांत जात नाही. विदर्भात आणि नंदुरबारमध्ये सिकलसेलने किती घरं पिचली आहेत हे पाहिलेल्या माणसाने या उपचाराला भ्रूणातल्या एडिटिंगच्या रांगेत बसवू नये. याबाबतीत प्रश्न आहे तो किमतीचा.

आता निवडीवर नजर का ठेवायची ते सांगते. 1990 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये पीजीटीनंतरची पहिली बाळं जन्मली. तेव्हा डॉक्टरांनी भ्रूणाचं लिंगच तपासलं होतं, कारण त्या घरांतले आजार मुख्यतः मुलग्यांना होणारे होते. हेतू आजार टाळण्याचा होता. तेच तंत्र आपल्याकडे कुठल्या वाटेला गेलं असतं, हे वेगळं सांगायला नको. गर्भजल परीक्षेतून लिंग ओळखून मुलींचे गर्भ पाडल्याचा अनुभव आपल्या गाठीशी होता. गर्भलिंग निदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. तो नीट राबवला जावा म्हणून मुंबईची सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था, कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 2003 मध्ये दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची निवडही कायद्याच्या कक्षेत आली. म्हणून आज पीजीटीतून भ्रूणाचं लिंग सांगणं हा गुन्हा आहे. एआरटी कायद्यात सूट आहे ती फक्त लिंगाशी जोडलेल्या आजारासाठी. इतकं करूनही राज्यात 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या. हे सगळं एडिटिंगने केलं नाही. साध्या तपासणीने आणि ती विकणाऱ्यांनी केलं.

पुढचा धोकाही याच बाजूने येतो आहे. अमेरिकेत काही कंपन्या भ्रूणांना उंचीचे, बुद्धिमत्तेचे अंदाजे गुण देऊन निवड विकू लागल्या आहेत. 2019 च्या एका अभ्यासाने हिशेब मांडला, तेव्हा 10 भ्रूणांतून निवडूनही उंचीत सरासरी अडीच सेंटिमीटरच्या आसपासच फरक निघाला. त्यातून हे अंदाज मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले, म्हणजे आपल्या बाबतीत आणखी कच्चे. आपला कायदा पीजीटीला वाव देतो तो ज्ञात आनुवंशिक आजारांसाठी, आणि हा उंबरठा सैल होता कामा नये. आजारासाठी म्हणून पीजीटी सुचवली गेली, तर जोडप्याने सेंटरला थेट विचारावं: आमच्या दोघांच्या रक्ततपासणीत कुठल्या जनुकातला कुठला दोष सापडला आहे, आणि तुम्ही भ्रूणात नेमका तोच शोधणार आहात का?