बांको : बसायचा आणि पैशांचा

माद्रिदच्या मैत्रिणीचा निरोप आला, ‘ते एस्पेरो एन एल बांको’, म्हणजे ‘मी बांकोपाशी तुझी वाट बघते’, तर जायचं कुठे? स्पॅनिशमध्ये बागेतला बाकही बांको आणि पैसे ठेवायची बँकही बांकोच. मराठीत ‘बाकावर’ की ‘बँकेत’ हे प्रत्ययावरूनच कळलं असतं. स्पॅनिशमधलं ‘एन’ मात्र ‘वर’ आणि ‘त’ ही दोन्ही कामं एकटंच करतं.

स्पॅनिश शिकणाऱ्यांना बहुधा हे दोन अर्थ वेगवेगळे पाठ करायला सांगतात. मला ते पटत नाही. हे योगायोगाने सारखे दिसणारे दोन शब्द नाहीत. शब्द एकच आहे आणि एका अर्थाच्या पोटातून दुसरा निघाला आहे.

मूळ अर्थ बसायच्या फळीचा. शब्द जर्मानिक भाषांतला, इंग्रजी ‘बेंच’चा सख्खा भाऊ. लॅटिनमधून आलेला ‘एस्कान्यो’ हा बाकाचा शब्द स्पॅनिशमध्ये आधीपासून होता. आज स्पेनमध्ये तो मुख्यतः संसदेतल्या जागेसाठी वापरतात. रोजच्या बोलण्यातला बाक म्हणजे बांको.

पैशांचा अर्थ आला तो मध्ययुगीन इटलीतल्या सराफांकडून. प्रत्येक शहराचं नाणं वेगळं, वजन वेगळं, चांदीचा कस वेगळा. बाजारात एक लांब फळकूट मांडून त्यामागे बसायचं, नाणी पारखायची, बदलून द्यायची. त्या फळकुटालाच बांको म्हणत. पुढे माणसं सराफाकडे पैसे ठेवू लागली, हुंड्या वटवू लागली आणि फळकुटाचं नाव धंद्याला चिकटलं. दिवाळखोरीला स्पॅनिशमध्ये ‘बांकार्रोता’ म्हणतात. हा शब्दही इटालियनमधूनच आला, अर्थ ‘मोडलेला बाक’. बुडालेल्या सराफाचं फळकूट लोक खरोखर फोडून टाकत, असं सांगतात.

बार्सिलोनात तर हे सगळं डोळ्यांना दिसेल असं होतं. तिथली भाषा कॅटलान, आणि तिथे सराफाच्या या मांडणीला ‘ताउला’ म्हणजे मेज म्हणत. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कायद्याप्रमाणे ज्याने जामीन दिला असेल त्यालाच मेजावर कापड अंथरता येई. बाकीच्यांनी उघड्या लाकडावर धंदा करायचा. म्हणजे गिऱ्हाइकाला दुरूनच कळे, इथे पैसे ठेवायचे की नाही. शिक्षाही तशीच कडक होती. 1360 मध्ये एका बुडालेल्या सराफाचा त्याच्याच मेजासमोर शिरच्छेद झाला. त्यानंतर 1401 मध्ये शहरानेच स्वतःच्या हमीवर ‘ताउला दे कान्वी’ हे विनिमयाचं मेज उघडलं. युरोपातल्या सर्वांत जुन्या सरकारी बँकांत त्याची गणना होते. ग्रीकमध्ये आजही बँकेला ‘त्रापेझा’ म्हणतात, आणि त्याचाही मूळ अर्थ मेजच.

माद्रिदमध्ये राजा तिसऱ्या कार्लोसच्या काळात, 1782 मध्ये, ‘बांको दे सान कार्लोस’ स्थापन झाली. तिच्याच वारशातून 1856 मध्ये ‘बांको दे एस्पान्या’ हे नाव आलं. आजची ही स्पेनची मध्यवर्ती बँक. तोवर त्या नावातलं फळकूट कुणाच्या ध्यानातही राहिलं नसणार. पण बसायचा अर्थ काही मेला नाही. सेव्हिलच्या प्लासा दे एस्पान्यात 1929 च्या प्रदर्शनासाठी प्रांताप्रांताच्या नावाचे, रंगीत फरशांनी मढवलेले बाक केले, तेही बांकोच.

बोलणारा माणूस सहसा गोंधळत नाही. ‘बोय अल बांको’, म्हणजे ‘बांकोला जातोय’, म्हटलं की बँक. बसलो, रंगवला, भिजलाय म्हटलं की बाक. मेक्सिकोत तर बागेतल्या बाकाला ‘बांका’ म्हणतात, त्यामुळे तिथे प्रश्नच उरत नाही. स्पेनमध्ये मात्र ‘ला बांका’ म्हणजे एकूण बँकिंग व्यवसाय. माशांचा थवा आणि समुद्रातला वाळूचा उथळ पट्टा यांनाही बांको म्हणतात.

आपल्याकडे हा शब्द दोन वाटांनी आला. शाळेतला ‘बाक’ पोर्तुगीज ‘बांको’वरून, ‘बँक’ इंग्रजीतून. म्हणजे स्पॅनिश माणूस ज्या एका शब्दात दोन्ही अर्थ सांभाळतो, त्याचे आपण दोन शब्द करून घेतले, तेही वेगवेगळ्या राज्यकर्त्यांकडून.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती मात्र आपली ‘पेढी’. संस्कृत पीठिका म्हणजे बसायची बैठक. तिच्यापासून पेढी : आधी सराफ जिथे बसतो ती जागा, मग त्याचं दुकान, मग त्याचा सगळा कारभार. इटलीतल्या सराफाचं नावही न ऐकता मराठीने तीच वाट चालून दाखवली. स्पॅनिशमध्ये रक्तदान करायला ‘बांको दे सांग्रे’त जातात, आणि आपण जातो रक्तपेढीत.